पांढऱ्या काठाची डाळिंबी

१२ जानेवारी, रविवार

ही वही उपासनानं दिली. उपासना म्हणजे माझी नात, अमरदीपची लेक. म्हणाली, आज्जी, तू दिवसभर जे बोलतेस ते ह्यात लिही, म्हणजे मला काम करता येईल. आपल्याच रक्ताचं माणूस असं बोलतंय, आता काय म्हणायचं. वही चांगली हाय, पान जाड हाय, फक्त रंग राखाडी हाय. मी जांभळी आण म्हणून दोनदा सांगितलतं. मला पोरवयापास्नं जांभळा आवडतो. पण पोरगी कामात असती, मिळाली ती आणली असेल. मी काय बोलले न्हाय.

मी सुलाबाई. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पस्तीस वर्सं काम केलं. शाळा तिसरीपत्तोर. पुढचं लिवणं वाचणं समाजमंदिरातल्या संध्याकाळच्या वर्गात शिकले, मुलगा कडेवर घेऊन. त्यामुळं अक्षर वाकडं हाय पण वाचता येतं.

आता लिवायला घेतलं ते असं की घरात पेच पडलाय. उपासना पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करती. कोल्हापुरातली छापखान्याची नोकरी सोडून गेल्या वर्षी घरी आली आन् स्वतःचं सुरू केलं. बेळगावचे गोमटेश अण्णा, साड्यांचे व्यापारी, हे तिचं पैलं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या साड्यांचे फोटो काढून तिनं पुस्तक केलं. कॅटलॉग म्हणतात त्याला. दिवाळीच्या आधी छापून गेलं. आन् आता साड्या परत यायला लागल्या. पुस्तकात दिसती एक, हातात येती दुसरी. पांढऱ्या काठाची डाळिंबी साडी तर पुस्तकात चक्क वांग्याच्या रंगाची झालीया म्हणे. नऊ बायकांनी परत पाठवली.

उपासना म्हणती, लॅपटॉपचा दोष. ते मला पटतं. त्या लॅपटॉपचं झाकण जरा पुढं मागं केलं की रंग बदलतो. मान खाली घातली की एक साडी, वर केली की दुसरी. म्हणून तर पुस्तक करताना तिनं मला शेजारी बसवलं होतं. वखारीत कुणाला मालाचा रंग कळंना की मुकादम मला हाक मारायचा. पिवळा, तांबूस, काळपट, आन् तांबूस काळपटाच्या मधला, सगळा मी नुसत्या नजरेनं वेगळा करायची. माझ्या हातनं निवडलेला ढीग कवा परत आला न्हाय.

तर मी तिला सांगितलतं, काठ पांढऱ्या सुताचा हाय, अण्णांनी साडीचं नावच तसं ठेवलंय, हितं तुझ्या पडद्यावर तो ताकासारखा पिवळट दिसतोय, पिवळा काढ. तिनं काढला. म्हटलं अजून काढ. काठ पांढराफेक होईपत्तोर काढायला लावला. माझ्यामुळं निदान काठ तरी बरोबर आला, बाकीचं त्या लॅपटॉपनं नासवलं.

१५ जानेवारी, बुधवार

गोमटेश अण्णा येऊन गेले. भला माणूस. रागावून बोलले न्हाईत, पण चहा अर्धा ठेवला. त्यांचं म्हणणं, लग्नसराईचं मोठं पुस्तक करायचंय. त्याच्या आधी उपासनानं आठ पानांचा नमुना छापून दाखवायचा. नऊ मार्चला ते स्वतः त्या आठ साड्या घेऊन येणार आन् पानाशेजारी ठेवून बघणार. जुळलं तर काम हिचं. न्हाय जुळलं तर पुण्याला द्यायचं.

ते गेल्यावर अमरदीप म्हणाला, कोल्हापूरची जागा अजून मोकळी हाय, विचारून ठेवतो. पोरीनं मान हलवली पण डोळं भरलं. मी म्हटलं, विचारू नगंस. तंबाखूचा एक ढीग चुकला म्हणून वखार सोडतंय कोण?

१९ जानेवारी, रविवार

उपासनानं दोन तास बसून मला समजावलं. मला सगळं कळलं असं मी म्हणत न्हाय. पण जे कळलं ते लिवते.

मोठा पडदा घ्यायचा, त्याला मॉनिटर म्हणतात. बाजारात शेकड्यानं हायत. बरेचसे भडक. गेम खेळणाऱ्याला, पिक्चर बघणाऱ्याला भडक आवडतं. आपल्याला खरा पायजे. जसा हाय तसा. बाजूनं बघटलं तरी रंग ढळता कामा नये. आन् चूक किती करतो त्याचा एक आकडा असतो, डेल्टा ई का काय. तो दोनच्या खाली पायजे. दोनच्या खालची चूक माणसाच्या डोळ्याला कळत न्हाय. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या डोळ्याला. ती हसली.

मग ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर कितीबी खरा असला तरी त्याच्याकडं रंग धाडणारं कॉम्प्युटरच्या पेटीत बसलेलं असतं, ते कार्ड. अमरदीपचा जुना मोठा कॉम्प्युटर घरात पडून हाय, त्या पेटीतलं कार्ड नव्या मॉनिटरला पुरं पडणार न्हाय, रंगाच्या बारीक पायऱ्या गाळून टाकतंय. म्हणजे चाळण जाड असली की बारीक माल मोठ्या मालात मिसळतो, तसंच. हे मी म्हटलं आन् तिनं ते तिच्या वहीत लिवून घेतलं.

जाता जाता, दूध. भरमूचं दूध मी दिवाळीपास्नं बंद केलंय. म्हशीचं म्हणून गाईचं घालतो. पिवळं. तोंडावर सांगितलं त्याला. तो शपथ घेतो. शपथेनं दूध पांढरं होतंय का? आन् धुण्याची पावडरबी बदलायला लावली रचनाला. रचना म्हणजे माझी सून, बिचारी काय बोलत न्हाय. माझी पांढरी पातळं कशी उजळंनाच झालीत.

२५ जानेवारी, शनिवार

आज कोल्हापूर. मी आन् उपासना एसटीनं गेलो. मी येणार म्हटल्यावर तिनं आढेवेढे घेतले, पण खरेदीला म्हातारं माणूस बरोबर असलं की दुकानदार जरा सरळ बोलतो, हे तिला मान्य हाय.

निघायच्या आधी तिनं पेटीचं झाकण काढून आतली जागा मोजायला घेतली आन् टेप सापडंना. मी आपली वीत घालून बघटली. कार्ड बसायची जागा एक वीत आन् दोन बोटं. हे ध्यानात ठेवलं.

दुकानात ऋतिका म्हणून पोरगी होती, चुणचुणीत. तिच्या मालकानं आधी एक भलं मोठं कार्ड पुढं केलं. तीन पंखे, लाल निळं लुकलुकणारं, जत्रेतल्या पाळण्यागत. म्हणाले, ह्यापेक्षा भारी आमच्याकडं न्हाय. मी वीत घातली. दोन विती भरलं. म्हटलं, मालक, हे बसवायचं तर आमचं अर्धं कपाट उतरावं लागंल. ऋतिका हसली आन् मालकाला म्हणाली, त्यांना रंगाचं काम करायचंय, गेमचं न्हाय, एवढी ताकद कशाला. मग तिनं साधं आखूड कार्ड काढलं, दोन पंख्यांचं. मॉनिटरला लागणारी वायर त्याला बसती का, पेटीतला वीज पुरवणारा डबा त्याला झेपतो का, हे दोघींनी खाली बसून आकडे काढून बघटलं. मी वीत घातली. एक वीत. दोन बोटं शिल्लक. म्हटलं, हेच.

मॉनिटर तिथं चारपाच मांडले होते. सगळ्यात महागडा सोडून उपासनानं मधला निवडला. त्याच्याबरोबर कारखान्यातनं एक कागद येतो, ह्या पडद्याची चूक किती ते मोजून लिवलेलं. माणसानंबी असा कागद घेऊन जन्माला यावं, मी म्हटलं. ऋतिका म्हणाली, आज्जी, मग लग्नंच होणार न्हाईत. किंमत ऐकल्यावर मी जरा खाली बसले, पण उपासनाचा चेहरा बघून उठले.

आप्पे खाल्ले. एसटीत खिडकीची जागा मिळाली.

३० जानेवारी, गुरुवार

मॉनिटर आला. खोक्यावरचा फोम मी जपून ठेवलाय, काचेची बरणी न्यायला उपयोगी पडंल.

उपासनानं टेबल खिडकीकडं तोंड करून मांडलं होतं. मी म्हटलं, हे चुकलं. वखारीत माल कवाबी उन्हात धरायचा न्हाय आन् दिव्याखालीबी न्हाय. सकाळी दारात, सावलीत, उजेड बाजूनं. तिनं टेबल फिरवलं. पडद्यावरची चमक गेली. म्हणाली, आज्जी, हे मोठमोठ्या लेखात लिहिलेलं असतं. मी म्हटलं, त्यांनी कुठल्या वखारीत काम केलं होतं विचार.

कार्ड बसलं. पैल्यांदा पडद्यावर काय उमटंनाच. पोरगी पांढरी पडली. मग कळलं की वायर कार्डाच्या भोकात न घालता जुन्याच भोकात घातली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

सदलग्याच्या एका फोटोग्राफरकडनं तिनं रंग मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. काळं, मुठीएवढं, पडद्यावर पालीसारखं चिकटवायचं. मग पडदा आपोआप लाल, हिरवा, निळा, करडा करत जातो आन् ते मोजत बसतं. शेवटी आकडा आला, एकाच्याबी आत. उपासनानं टाळ्या वाजवल्या. रचनानं गूळ वाटला.

मग तिनं कोरा पांढरा पडदा दाखवला. म्हणाली, हा खरा पांढरा.

मी म्हटलं, पिवळट हाय.

म्हणाली, न्हाय आज्जी, मशीननं मोजलंय.

मी म्हटलं, मशीन काल एसटीनं आलंय, माझी नजर पस्तीस वर्साची हाय.

ती हसली. हसता हसता मधेच थांबली आन् माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं पदर सरकला का काय. मग म्हणाली, भात लावते, आन् आत गेली. भात तर रचनानं लावलेलाच होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोरीचं काय बिनसलंय कळत न्हाय.

गोमटेश अण्णांकडनं तिनं ती डाळिंबी साडी मागवून घेतली. सकाळी पडद्यावर दिवाळीच्या आधीचे फोटो काढले, म्हणजे मी पिवळा काढायला लावायच्या आधीचे, तसेच राहिलेले. शेजारी साडी धरली. रचनाला बोलावलं. दोघी बघत राहिल्या. रचना म्हणाली, सेम टू सेम हाय की गं. उपासनानं तिला गप्प केलं. मी दारातनं विचारलं, काय सेम? म्हणाली, काय न्हाय आज्जी.

मग दुपारी माझ्याशी पोरखेळ. दोन मोजे आणून दाखवले, कुठल्या रंगाचे? म्हटलं, दोन्ही काळे. बरं म्हणाली. कप दाखवला. म्हटलं, पिवळट झालाय, बदला आता. बरं म्हणाली. भरमूचं दूध नक्की कवापास्नं पिवळं दिसतंय, विचारलं. पातळं कवापास्नं उजळंना झालीत, तेबी विचारलं. एक डोळा झाक, आता दुसरा झाक. मी म्हटलं, लग्नाचं बघायला आलीयास काय माझ्या? तवा कुठं हसली.

संध्याकाळी म्हणाली, शुक्रवारी डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ, तुझा चष्मा जुना झालाय. चष्मा वर्साचाच हाय. पण तिला माझी काळजी वाटती, वाटू दे. मला छान वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला.

डॉक्टरीण म्हणाली, आज्जी, पिवळी पडलेली काच डोळ्यापुढं धरून तुम्ही किती वर्सं बघताय, तुम्हालाच म्हाईत न्हाय. हळूहळू होतं, म्हणून कळत न्हाय. पांढरं पिवळट दिसतं, निळं काळं दिसतं.

मी तिला विचारलं, आन् पांढऱ्या सुताचा काठ?

ती म्हणाली, तोबी.

उपासना खिडकीतनं बाहेर बघत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल जेवले न्हाय. आज थोडा भात खाल्ला.

डाळिंबीची वांगी लॅपटॉपनं न्हाय केली. मी केली. पोरीच्या डोळ्याला बरोबर दिसत होतं, मी तिला तिच्या डोळ्यावर विश्वास ठेवू दिला न्हाय. तिचा लॅपटॉप लटका होता म्हणून तिला वाटलं आज्जी खरी असणार. आन् गोमटेश अण्णांपुढं तिनं सगळं त्या निर्जीव लॅपटॉपवर घातलं.

दुपारी तिला विचारलं, तुला कवा कळलं?

म्हणाली, रविवारी शंका आली, मंगळवारी कळलं.

मग बोलली का न्हाईस?

म्हणाली, डोळ्याचं सांगणारच होते की. कॅटलॉगचं नव्हतं सांगायचं. तुझी नजर म्हणजे आमच्या घरातली एकच गोष्ट, जिच्याबद्दल वखारीतला मुकादमसुद्धा उभा राहून बोलायचा.

मग मी विचारलं, म्हणजे हा मॉनिटर, ते कार्ड, सगळं फुकट गेलं का? लॅपटॉपवरसुद्धा तुला बरोबरच दिसत होतं.

तर म्हणाली, आज्जी, लॅपटॉपवर मला रोज वेगळं दिसायचं. त्यातलं कुठलं बरोबर ते मला कसं कळणार? हा पडदा खरा हाय हे मोजल्यावरच मला विचारता आलं की मग चुकतंय कोण. हा नसता तर तू आन् मी अजून दहा पुस्तकं वांगी केली असती.

हे बरोबर हाय. मला पटलं. पण पटलं म्हणून लगेच बरं वाटतं असं न्हाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

(हे अक्षर उपासनाचं. आज्जी सांगते, मी लिहिते.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. दुखलं न्हाय. डॉक्टरीण आत गाणं गुणगुणत होती, सुरात न्हाय, पण हात हलका. आज पट्टी काढली. डाव्याचं एप्रिलात. वही हातात घ्यायची न्हाय, वाकायचं न्हाय, डोक्यावरनं पाणी न्हाय. मला लिवू देत न्हाईत म्हणून मी सांगते.

पट्टी काढली तवा समोर डॉक्टरणीचा कोट होता. मी म्हटलं, बाई गं, एवढा पांढरा. ती म्हणाली, रोजचाच हाय. बाहेर आले तर रस्त्यावरनं निळा टेंपो गेला. समाजमंदिराची भिंत निळी. किती निळी ती. मी इतकी वर्सं तिच्यासमोरनं जाते.

भरमूला घरी बोलावून घेतलं आन् चुकलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आज्जी, म्हैस तीच हाय, डोळं बदललं. उद्यापास्नं दूध सुरू.

(आज्जी म्हणते मी रडत नाहीय, ते डोळ्याचं औषध आहे. तसं लिही म्हणाली, लिहिलं.)

९ मार्च, रविवार

आज वही परत माझ्या हातात. सगळं लिवायचंय.

गोमटेश अण्णा साडेआठला आले, आठ साड्या पिशवीत. उपासनाचा नमुना छापून आला होता, जाड चकचकीत कागदावर आठ पानं. तिनं रात्री दोनदा हात धुऊन ती उलटून बघटली होती. अण्णा ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसले. मी म्हटलं, अण्णा, तिथं न्हाय. दारात. त्यांना काय कळंना, पण उठले. मी उंबऱ्यात पांढरी चादर पसरली, वखारीत नमुन्याला पसरायचो तशी. सावली होती, उजेड बाजूनं येत होता. त्यावर साड्या आन् शेजारी पानं.

मग ते बघायला लागायच्या आधी मी सांगून टाकलं. उपासना डोळ्यानं नको नको म्हणत होती.

म्हटलं, अण्णा, पैल्या पुस्तकाचा दोष लॅपटॉपचा न्हाय. माझा. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, मला पांढरं पिवळं दिसत होतं, आन् मी पोरीला पिवळा काढायला लावला. कळल्यावरबी ती मला वाचवायला लॅपटॉपचंच नाव सांगती.

अण्णांनी चादरीची एक सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, आक्का, माझ्या आईनं मोतीबिंदूत दोन वर्सं आमटीत हळद दुप्पट घातली. आम्ही खाल्ली.

बस्स, एवढंच. मग खाली बसले आन् एकेक साडी पानाला लावायला लागले. आमच्या घरात एवढी शांतता अमरदीपच्या दहावीच्या निकालाला होती. डाळिंबीला आले तवा त्यांनी काठ बोटावर धरला, पानावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. पुढं गेले. सात झाल्या. आठवी मोरपंखी. तिथं थांबले, माझ्याकडं बघटलं. म्हणाले, तुम्ही सांगा आक्का.

मला उपासनाचं काम पायजे होतं. पण मी डावा डोळा झाकला, उजव्यानं बघटलं. म्हटलं, साडीत जरा जास्त निळं हाय. कागदावर हिरवट मारती.

उपासनाची मान खाली गेली न्हाय. ती म्हणाली, व्हय अण्णा. पडद्यावर बरोबर हाय, पण छपाईच्या शाईत हा रंग पुरा येत न्हाय. मोबाईलवरच्या फोटोत येईल. पुस्तकात ह्या साडीखाली मी तसं छापून देईन.

अण्णा म्हणाले, मलाबी तसंच दिसत होतं. तुम्ही हो म्हणता का न्हाय, ते बघत होतो. मग चहा मागितला. पूर्ण प्याले. कप ठेवताना म्हणाले, लग्नसराईच्या साड्या सोमवारी पाठवतो, एकशेवीस हायत, आन् तपासायला आक्का दारात पायजेत.

मी म्हटलं, एक डोळा तयार हाय. दुसरा एप्रिलात.

ते गेल्यावर उपासना मला मिठी मारून उभीच. आमटी करपली. रचना म्हणाली, करपू दे आज.

आता एक राहिलं. दुपारी उपासनानं ही वही दिली, लिही म्हणाली. मी उजव्या डोळ्यानं बघटलं, मग डावा डोळा उघडून उजवा झाकला, मग परत. तिला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, व्हय आज्जी, तू सांगितलतंस ना दोनदा, तीच आणली होती. दोन दुकानं फिरून.

वही जांभळी हाय. पिकलेल्या जांभळासारखी. पैल्या पानावर मी तिला राखाडी लिवलंय. खोडणार न्हाय. एका डोळ्याला ती अजून तशीच दिसती.